लॅन वायर लावलीय तरी नेट नाही? घरच्या कॉम्प्युटरचं वायरवालं कनेक्शन खालून वर कसं तपासायचं

वायरवरचं नेट बंद पडलं की बहुतेक घरांत एकच क्रम चालतो. आधी राउटर बंद करून चालू, मग कॉम्प्युटर बंद करून चालू, मग घरातलं कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ बघत बघत विंडोजमधली पाच-सहा सेटिंग्ज बदलतं आणि शेवटी नेटवाल्याला फोन जातो. आता प्रॉब्लेम वायरमध्ये असेल तर विंडोजमधल्या कुठल्याच सेटिंगनं तो जाणार नाही, पण बदललेली सेटिंग्ज मात्र तशीच राहतात, आणि मग दोन दिवसांनी वायर बदलली तरी नेट येत नाही कारण आता वेगळाच घोळ होऊन बसलेला असतो.

म्हणून माझा हट्ट एवढाच आहे की खालून वर जायचं. आधी फायबरचा डबा, मग पोर्टवरचा दिवा, मग वायर, मग कॉम्प्युटरमधलं लॅन कार्ड (वायर ज्यात लागते तो भाग), मग आयपी (कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता), मग राउटरच्या पलीकडचं जग आणि ब्राउझर सगळ्यात शेवटी. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, फरक नाही पडला तर ती होती तशी परत करायची आणि मगच पुढं जायचं.

मी विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय कारण घरच्या डेस्कटॉपवर सहसा तेच असतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून नेट गेलं असेल का असं वाटत असेल तर तो संशय काढून टाका, त्यानं नेट बंद पडत नाही. कमांड्स मी इथं उच्चाराप्रमाणे लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्लिश अक्षरांतच करायच्या.

आधी बघा, नेट फक्त कॉम्प्युटरचं गेलंय की अख्ख्या घराचं

मोबाईल घ्या, मोबाईल डेटा बंद करा (हे विसरू नका, वायफायवर नेट नसलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि तुम्हाला वाटतं वायफाय मस्त चाललंय) आणि त्याच राउटरच्या वायफायवर एखादी साइट उघडून बघा. उघडली तर कंपनीकडून येणारं नेट ठीक आहे, प्रॉब्लेम राउटरच्या लॅन पोर्टपासून कॉम्प्युटरपर्यंतच्या पट्ट्यात आहे, तेव्हा सरळ दिव्यांच्या भागावर उडी मारा.

मोबाईलवरही नाही उघडली तर कॉम्प्युटरला हात लावायचं कारणच नाही. फायबरच्या डब्याकडे बघा, ज्याला टेक्निशियन ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात. त्यावर पॉन लिहिलेला दिवा स्थिर लागलेला हवा. एलओएस लिहिलेला दिवा लाल लुकलुकत असेल तर फायबरमधून सिग्नलच येत नाहीये, म्हणजे बाहेर कुठंतरी वायर तुटलीय, किंवा घरात कपाट सरकवताना ती पिवळी किंवा काळी बारीक वायर दुमडलीय. फायबर तांब्याच्या वायरीसारखी काटकोनात वाकवली की आतून प्रकाश गळतो, तेव्हा घट्ट वळण पडलं असेल तर हळूच सैल करून बघा. टोकाची हिरवी पिन मात्र उपसू नका आणि उपसलीच तर तिच्या टोकात डोकावून बघू नका, आतला लेझर डोळ्याला दिसत नाही पण असतो. पॉन स्थिर आहे, एलओएस बंद आहे, पण इंटरनेटचा दिवाच नाही किंवा तो लाल आहे, तर बऱ्याचदा प्लॅनची मुदत संपलेली असते. हसू नका, महिन्याच्या शेवटी आधी तेच बघावं. नाहीतर कंपनीच्या बाजूनं लॉगिन होत नाहीये, आणि ते तुम्ही घरात बसून दुरुस्त करू शकत नाही.

राउटर बंद-चालू करायचाच असेल तर नीट करा. सगळ्यांचे अडॅप्टर काढा, अर्धा मिनिट थांबा, आधी ओएनटी चालू करा, पॉनचा दिवा स्थिर झाला की मग राउटर, तो पूर्ण उठला की मग कॉम्प्युटर. आणि कॉम्प्युटरला शटडाउन न करता रीस्टार्ट करा, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार बहुतेक ठिकाणी चालू असतो, त्यात शटडाउन केलं तरी ड्रायव्हरची (कार्ड वगैरे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनी अवस्था डिस्कवर साठवून ठेवली जाते आणि चालू केलं की तीच परत येते. रीस्टार्टमध्ये सगळं पहिल्यापासून लोड होतं.

पोर्टवरचे दिवे

कॉम्प्युटरच्या मागं जिथं लॅन वायर जाते तिथं सहसा दोन बारीक दिवे असतात, आणि राउटरवर लॅन १, लॅन २ असे त्या त्या पोर्टचे दिवे असतात. हिरवा म्हणजे काय आणि केशरी म्हणजे काय हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते, त्यात अडकू नका. बघायचं एवढंच की काही लागतंय का. वायर लावल्यावर दोन्ही टोकांचे दिवे मेलेले असतील तर दोन मशीनची एकमेकांशी ओळखच झालेली नाही, आणि अशा वेळी आयपी, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सोय) वगैरेवर वेळ घालवणं फुकट. दिवा लागतोय आणि मधून मधून लुकलुकतोय तर वायर बहुतेक चांगली आहे (बहुतेकच, कारण अर्धवट वायरीचा एक वेगळा किस्सा पुढं येतोय). कॉम्प्युटर बंद असतानाही मागचा दिवा चालू दिसला तर घाबरू नका, कार्डाला थोडी वीज मिळत राहते, ते नॉर्मल आहे.

दिवा लागत नसेल तर आधी वायर योग्य भोकात आहे का बघा. राउटरवर एक पोर्ट वेगळ्या रंगाचा असतो, तो वॅन, बाहेरून येणाऱ्या नेटचा, कॉम्प्युटरची वायर त्यात नाही तर लॅनमध्ये जायला हवी. ओएनटीवर टेलिफोनचंही भोक असतं आणि ते दिसायला लॅनसारखंच, फक्त थोडं बारीक. वायर दाबताना 'टक्' असा आवाज आला पाहिजे. जॅकची ती प्लास्टिकची जीभ तुटली असेल तर वायर आत बसल्यासारखी दिसते पण पंख्याच्या वाऱ्यानंही सैल होते. चिकटपट्टी लावून चालवणारे महाभाग आहेत, पण नवा जॅक काही रुपयांत मिळतो.

वायर, म्हणजे नव्वद टक्के वेळा गुन्हेगार

नव्वद हा आकडा मी मोजून काढलेला नाही, पण घरगुती केसमध्ये मी पैज वायरीवरच लावेन. तपासायची पद्धत अदलाबदलीची. पहिल्यांदा राउटरवरचा पोर्ट बदला, लॅन १ मधून काढून लॅन २ मध्ये. मग वायर बदला, राउटरच्या खोक्यात जी हातभर वायर आलेली असते ती कामाला येते, कॉम्प्युटर उचलून राउटरजवळ नेता आला तर उत्तमच. मग तीच जुनी वायर एखाद्या लॅपटॉपला लावून बघा. आता उत्तर आपोआप येतं: जुनी वायर लॅपटॉपवर चालली तर दोष कॉम्प्युटरचा, नवी वायर कॉम्प्युटरवर चालली तर दोष जुन्या वायरीचा, आणि राउटरच्या एका पोर्टवर काहीच चालत नाही पण दुसऱ्यावर सगळं चालतं तर तो पोर्ट गेला, त्यावर पट्टी चिकटवून विसरून जा.

आता तो अर्धवट वायरीचा किस्सा. लॅन वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएसपर्यंतचं काम फक्त १, २, ३ आणि ६ नंबरच्या तारांवर होतं, १ जीबीपीएसला मात्र आठही लागतात. म्हणजे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तरी दिवा लागतो, नेट चालतं, सगळं ठीक वाटतं, फक्त स्पीड कितीही मोठा प्लॅन घ्या, ९४-९५ च्या वर जात नाही. २०० किंवा ३०० चा प्लॅन आहे, वायफायवर मोबाईलला १८० येतंय आणि वायरवर ९४, लोक महिनोन्महिने कंपनीशी भांडतात आणि दोष असतो पलंगाच्या पायाखाली चेपलेल्या वायरीत. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, तिथं इथरनेट, आणि खाली लिंक स्पीड लिहिलेला असतो. १०००/१००० दिसलं पाहिजे. १००/१०० दिसत असेल तर वायर बघा. अर्थात तुमच्या राउटरचे लॅन पोर्टच १०० वाले असतील (स्वस्त राउटरमध्ये सर्रास असतात, खोक्यावर फास्ट इथरनेट लिहिलेलं असतं) तर सोन्याची वायर आणली तरी उपयोग नाही. अजून एक, इलेक्ट्रिशियन लोक कधीकधी एकाच वायरीच्या दोन जोड्या कॉम्प्युटरला आणि उरलेल्या दोन दुसऱ्या खोलीला देतात, वायर वाचते पण तिथं १ जीबीपीएस कधीच येणार नाही.

वायर विकत घेताना एक बघा. बाजारात सीसीए नावाची स्वस्त वायर भरपूर मिळते, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. ती दोन-चारदा वाकवली की आतून तुटते आणि बाहेरून काही कळत नाही. तार चाकूनं खरवडली की आतून पांढरी निघाली तर ती तीच. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जा नाहीतर गावातल्या दुकानात, 'प्युअर कॉपर' असं म्हणून मागा आणि खरवडून बघा. घरासाठी कॅट ५ई पुरते, नवी टाकायचीच असेल तर कॅट ६ घ्या, भिंतीतून एकदा गेली की परत काढणं होत नाही. एका तुकड्याची मर्यादा १०० मीटर, फ्लॅटमध्ये तो प्रश्न येत नाही, पण वाड्यातून किंवा बंगल्यातून मागच्या ऑफिसपर्यंत ओढताना लक्षात ठेवा.

जॅक स्वतः मारायचा असेल तर क्रिंपिंग टूल लागतं. जॅकची जीभ खाली आणि सोनेरी पट्ट्या वर, उघडं भोक तुमच्याकडे, असा धरला की डावीकडून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला बी पद्धत म्हणतात, दोन्ही टोकांना हीच ठेवा. हिरवी जोडी मधल्या निळ्या जोडीच्या दोन बाजूंना फाकते, आणि इथंच लोक 'जोड्या जोड्यांनी लावू, सोपं पडतं' म्हणून केशरी, हिरवी, निळी, तपकिरी अशी ओळीनं लावतात. दोन्ही टोकांना तशीच लावली की टेस्टरवर आठही दिवे एक ते आठ क्रमानं लागतात, दुकानदारही म्हणतो वायर ओके आहे. पण ३ आणि ६ हे एकाच पिळातले हवे असतात आणि इथं ते दोन वेगळ्या पिळांतून गेलेले असतात, त्यामुळं एका तारेतला सिग्नल दुसरीत घुसतो. दोन फुटांच्या वायरीत चालून जातं, वीस मीटरच्या वायरीत नेट येतं-जातं, स्पीड कोसळतो आणि कुणाला कारण सापडत नाही. साधा टेस्टर तार जोडलेली आहे का एवढंच सांगतो, पिळाचं त्याला काही कळत नाही. म्हणून टेस्टर ओके म्हणाला तरी रंग डोळ्यानं बघायचे. तारांचा पीळ जॅकच्या अगदी जवळ येईपर्यंत सोडवू नका, आणि बाहेरचं प्लास्टिक जॅकच्या आत गेलं पाहिजे, ते बाहेर राहिलं की ओढ तारांवर येते.

वायर दिसायला चांगली असेल तरी तिचा सगळा रस्ता एकदा डोळ्याखालून घाला. दाराच्या फटीत चेपते, खुर्चीची चाकं वरून जातात, माळ्यावर उंदीर कुरतडतात, कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ असाल तर जॅकच्या पट्ट्यांवर गंज आणि हिरवट थर येतो, तो पुसत बसण्यापेक्षा जॅक कापून नवा मारा.

वीज कडाडली होती का?

वळवाच्या आणि परतीच्या पावसात हा प्रश्न पहिला विचारा. लोक टीव्ही-कॉम्प्युटरचे प्लग काढतात आणि लॅन वायर तशीच ठेवतात. गच्चीवरून किंवा शेजारच्या बिल्डिंगवरून तांब्याची वायर आलेली असेल तर जवळपास वीज पडली की झटका त्या वायरीतून थेट पोर्टात येतो. फायबरमधून वीज येत नाही, पण ओएनटीच्या अडॅप्टरमधून झटका आत येऊन पुढं लॅन वायरीत जाऊ शकतो. लक्षण असं की कॉम्प्युटर चालू होतो, बाकी सगळं व्यवस्थित, कार्डही विंडोजमध्ये दिसतं, पण कुठलीही वायर लावा दिवा म्हणून लागत नाही. मग मदरबोर्ड दुरुस्तीच्या नादी लागू नका, यूएसबीला लावायचं लॅन अडॅप्टर आणा, यूएसबी ३ वालं गिगाबिट घ्या. डेस्कटॉप असेल तर आत बसणारं वेगळं लॅन कार्डही मिळतं, ते जास्त टिकाऊ.

कार्ड आणि ड्रायव्हर

वायर चांगली, राउटरचा पोर्ट चांगला, पण कॉम्प्युटर ऐकत नाही, तर आता विंडोज. स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा, डिव्हाइस मॅनेजर उघडा, नेटवर्क अडॅप्टर्स बघा. तिथं रिअलटेक किंवा इंटेल असं काहीतरी नाव दिसेल. त्यावर खाली जाणारा बाण असेल तर कुणीतरी ते बंद केलंय, राइट क्लिक करून एनेबल करा. पिवळा त्रिकोण असेल तर ड्रायव्हर बिघडलाय. नावच नसेल तर एकतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) लॅन बंद आहे नाहीतर चिप गेली.

ड्रायव्हरला हात लावायच्या आधी एक फुकटचा उपाय, जो बघायला अंधश्रद्धा वाटतो पण त्याला कारण आहे. कॉम्प्युटर शटडाउन करा, पॉवर केबल आणि लॅन वायर दोन्ही काढा, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरा, मग सगळं लावून चालू करा. वर म्हटलं तसं बंद कॉम्प्युटरमध्येही कार्डाला वीज मिळत असते, त्यामुळं कार्ड आतून अडकलं तर नुसत्या रीस्टार्टनं ते सुटत नाही, वीज पूर्ण तुटावी लागते.

तरी नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक करून अनइन्स्टॉल डिव्हाइस करा आणि रीस्टार्ट मारा, विंडोज ते परत शोधून लावतं. तिथं 'ड्रायव्हरपण काढू का' असा चौकोन येतो त्यावर टिक करू नका, नवा ड्रायव्हर हातात येईपर्यंत तरी नाही. आणि नवा ड्रायव्हर नेटशिवाय आणायचा कसा? मोबाईल यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला लावा, फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा, कॉम्प्युटरला लगेच फोनचं नेट मिळतं. मग मदरबोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून तुमच्या मॉडेलचा लॅन ड्रायव्हर घ्या. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकवर अपडेट' वाल्या सॉफ्टवेअरच्या जवळपासही फिरकू नका. ड्रायव्हर मिळेपर्यंत काम अडलं असेल तर टेदरिंगवरच चालवा, पण डेटा संपतो तेवढं बघा.

नेट बंद नाहीये पण दर थोड्या वेळानं दोन-तीन सेकंद तुटतं आणि परत येतं, असं असेल तर कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवायला हे डिव्हाइस बंद करायची परवानगी देणारी टिक काढा, ॲडव्हान्स्डमध्ये एनर्जी एफिशियंट इथरनेट किंवा ग्रीन इथरनेट असेल तर डिसेबल करून बघा. तिथंच स्पीड अँड डुप्लेक्स असतं, ते ऑटो निगोशिएशनवरच ठेवा. 'स्पीड वाढवा' छाप सल्ल्यानं कुणी ते १.० जीबीपीएसवर ठोकलं आणि वायर तेवढी चांगली नसली की आहे ते नेटही जातं.

आयपी बघा, अर्धं निदान तिथंच होतं

दिवा लागतोय, कार्ड दिसतंय, तरी नेट नाही. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल, तिथं आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा. इथरनेट अडॅप्टर इथरनेट असं लिहिलेला भाग शोधा, बाकी व्हीपीएन आणि व्हर्च्युअल मशीनची बरीच गर्दी असू शकते.

मीडिया डिस्कनेक्टेड असं आलं तर वायरीचं काम अजून संपलेलं नाही, मागं जा. आयपीव्ही४ ॲड्रेस १६९.२५४ नं सुरू होत असेल तर कॉम्प्युटरनं राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं स्वतःच एक घेतला, ज्यानं बाहेर काही जात नाही. त्या वेळी आयपीकॉन्फिग /रिलीज आणि मग आयपीकॉन्फिग /रिन्यू द्या. तरी तेच आलं तर राउटर रीस्टार्ट करा, आणि राउटरचं डीएचसीपी (आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद तर नाही ना ते त्याच्या सेटिंगमध्ये बघा. वायरीत एक दिशा चालते आणि दुसरी नाही अशा वेळीही हेच दिसतं, म्हणजे १६९ आलं म्हणून वायर सुटली असं नाही.

१९२.१६८ नं सुरू होणारा पत्ता आला तर चांगलं, पण तो राउटरशी जुळतो का बघा. मोबाईलच्या वायफाय डिटेल्समध्ये गेटवे (म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता) बघा, समजा १९२.१६८.१.१ आहे, आणि कॉम्प्युटरचा पत्ता १९२.१६८.०.५० दिसतोय, तर जुन्या राउटरच्या काळात कुणीतरी तो हातानं भरून ठेवलाय. नवा राउटर आला की हे हमखास होतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, इथरनेट, आयपी असाइनमेंटमध्ये एडिट, आणि ऑटोमॅटिक डीएचसीपी करा. घरात दुसरा राउटर वायफाय वाढवायला लावला असेल आणि त्याचंही डीएचसीपी चालू असेल तरी असे परके पत्ते येतात, त्यातलं एकच चालू ठेवायचं.

पिंगची शिडी

आता तीन पिंग, याच क्रमानं. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का बघणं. आयपीकॉन्फिगमध्ये डिफॉल्ट गेटवे म्हणून जो आकडा आला त्याला पिंग करा, म्हणजे पिंग, स्पेस, १९२.१६८.१.१. वायरवर उत्तर १ मिलिसेकंद किंवा त्याहून कमी वेळात आलं पाहिजे. नाही आलं तर दोष घरातच आहे. आलं तर पिंग ८.८.८.८, हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, २००९ पासून चालू आहे. गेटवे उत्तर देतो आणि हा देत नाही तर राउटरच्या पलीकडे गडबड, कंपनीला फोन. दोन्ही उत्तर देतात तर पिंग गूगल डॉट कॉम, आणि हेच फसलं तर डीएनएसचा प्रॉब्लेम, म्हणजे नावावरून पत्ता शोधायचं काम अडलंय.

उत्तर वाचताना एक फसवणूक असते. 'रिप्लाय फ्रॉम' लिहून पुढं तुमच्या स्वतःच्याच कॉम्प्युटरचा आयपी आणि 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असं आलं, तर विंडोज त्यालाही उत्तर मानतं आणि खाली लॉस शून्य टक्के दाखवतं. ते उत्तर नाही, ते 'पोचलोच नाही' असं कॉम्प्युटर स्वतःलाच सांगतोय. ओळ वाचा, टक्के नको.

वायरीवर शंका असेल तर पिंग १९२.१६८.१.१ -टी असं द्या, ते थांबत नाही. ते चालू ठेवून वायर ठिकठिकाणी हलवा, जॅकजवळ, दारापाशी, पलंगापाशी. एका जागी हलवली की 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं की जागा सापडली. कंट्रोल आणि सी दाबलं की पिंग थांबतं.

डीएनएसचा दोष निघाला तर आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस द्या, आणि नाही जमलं तर इथरनेटच्या सेटिंगमध्ये डीएनएस सर्व्हर असाइनमेंट मॅन्युअल करून ८.८.८.८ आणि १.१.१.१ भरा. दुसरा क्लाउडफ्लेअरचा, २०१८ पासून आहे. यानं नेटचा स्पीड दुप्पट होतो वगैरे ऐकलं असेल तर सोडून द्या, साइटचं नाव सापडायला थोडा कमी वेळ लागेल इतकंच.

तिन्ही पिंग चालतात तरी साइट उघडत नाही

इथं आलात म्हणजे नेटवर्क निर्दोष आहे. आधी घड्याळ बघा, गंमत नाही. जुन्या डेस्कटॉपची मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली की प्रत्येक वेळी तारीख भूतकाळात जाते, आणि तारीख चुकीची असली की ब्राउझर साइटचं सर्टिफिकेट नाकारतो, जवळजवळ एकही साइट उघडत नाही. तारीख दुरुस्त करा आणि ते नाणं बदला. मग प्रॉक्सी (नेटसाठी मध्ये लावलेला दुसरा सर्व्हर), सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेटच्या खाली, तिथं मॅन्युअल प्रॉक्सी चालू असेल आणि तुम्ही मुद्दाम लावलेला नसेल तर बंद करा. ऑफिसचं व्हीपीएन अर्धवट बंद झालेलं, मुदत संपलेला अँटीव्हायरस, हेही याच जातीचे. आणि उलटा प्रकारही होतो, कोपऱ्यात 'नो इंटरनेट' असा गोल दिसतो पण साइट्स उघडतायत. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावर जाऊन नेट आहे का ते ठरवतं, तो पत्ता अडला की ते नाही म्हणतं. साइट्स चालत असतील तर त्याकडे बघू नका.

वायर थेट कॉम्प्युटरमध्ये येत असेल तर

काही सोसायट्यांत आणि तालुक्याच्या गावांत लोकल केबलवाल्याची वायर अजूनही मध्ये राउटर न येता थेट कॉम्प्युटरला लागते आणि युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागतं. एरर ६९१ आली तर युजरनेम-पासवर्ड चुकलाय किंवा रिचार्ज संपलाय, एरर ६५१ आली तर पलीकडून उत्तरच नाही, मग वायर आणि केबलवाल्याचा गच्चीवरचा स्विच, म्हणजे अनेक लॅन वायरी जोडायचा डबा, बघायचा (तिथली लाईट गेली असेल तर तुमच्याकडे लाईट असून नेट नाही). आणि नवीन कॉम्प्युटर किंवा नवं लॅन कार्ड लावल्यापासून बंद असेल तर त्याच्याकडे जुन्या कार्डाचा मॅक आयडी (कार्डाचा ओळख नंबर) बांधलेला असतो. आयपीकॉन्फिग /ऑल मध्ये फिजिकल ॲड्रेस म्हणून जे दिसतं ते त्याला कळवा, दोन मिनिटांत काम होतं.

अगदीच शेवटी रिसेट

काळी खिडकी ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटश विनसॉक रिसेट (netsh winsock reset) आणि नेटश इंट आयपी रिसेट (netsh int ip reset), मग रीस्टार्ट. त्यानंही नाही झालं तर सेटिंग्जमध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, तिथं नेटवर्क रिसेट. हे सगळी कार्डं काढून परत बसवतं, व्हीपीएन आणि हातानं भरलेली सेटिंग्ज उडू शकतात, तेव्हा आधी मोबाईलवर त्या पानांचे फोटो काढून ठेवा.

एक वेगळा प्रकार सांगायचा राहिला. घरात छोटा स्विच लावलाय आणि साफसफाईनंतर वायफायसकट सगळ्याच घराचं नेट गेलं, स्विचवरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकतायत, तर एकाच वायरीची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये लागलीयत का बघा. मोकळं टोक दिसलं की कुणीतरी ते रिकाम्या भोकात लावून टाकतं, आणि तोच डेटा गोल गोल फिरत सगळं तुंबवतो. एक टोक काढा, लगेच सुटतं.

कंपनीला फोन करताना

'नेट चालत नाही' एवढंच सांगितलं की ते राउटर बंद-चालू करायला लावतात आणि तक्रार बंद करतात. त्याऐवजी सांगा की पॉन स्थिर आहे, वायफाय आणि वायर दोन्हीवर नाही, गेटवेला पिंग १ मिलिसेकंद येतं आणि ८.८.८.८ ला येत नाही. तक्रार नंबर लिहून घ्या. घरी माणूस आला आणि त्यानं नवा जॅक मारला तर तो जायच्या आत इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०००/१००० दिसतोय का ते त्याच्यासमोर बघा, १०० दिसला तर जॅक परत मारायला लावा.